आयोडीन किती, हे मशीनला विचारताना

सकाळी ६.३०. ओपीडी उघडायच्या आत सीटी माझ्या ताब्यात असतं. पुण्यातल्या आमच्या रुग्णालयातलं हे मशीन ड्युअल-एनर्जीचं. शरीराचा तोच भाग ८० आणि १४० किलोव्होल्ट अशा दोन्हींवर टिपतं. साध्या सीटीत कॅल्शियमही पांढरं, आयोडीनही पांढरं. पण किरणांची ऊर्जा बदलली की आयोडीनची चमक कॅल्शियमपेक्षा जास्त बदलते. त्या फरकावरून मशीन दर मिलिलिटरला आयोडीन किती ते सांगतं. ते खरं किती, हे तपासायचं काम माझं.

७.००. कुपी भरायची. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनआधी शिरेतून द्यायचं आयोडीनचं औषध, रुग्णांना देतो तोच, मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला. मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं ५० मिलिलिटर द्रावण करायला तो जेमतेम १.४३ मिलिलिटर लागतो. पण पदार्थ पाकासारखा दाट, सिरिंजच्या आत चिकटून राहतो, बुडबुडा सोडत नाही. म्हणून मी तराजू वापरतो: दोन ग्रॅम, त्याहून किंचित जास्त. पाणी घातल्यावर कुपी नीट उलटीसुलटी केली नाही तर जड कॉन्ट्रास्ट तळाशी बसतो आणि एकाच कुपीचे वर एक, खाली एक असे दोन आकडे येतात. मग त्याच द्रावणातून ५, २, १ आणि अर्ध्या मिलिग्रॅमच्या कुप्या. शेवटची नुसत्या पाण्याची.

७.४५. कुप्या फँटममध्ये, म्हणजे शरीराच्या नकली प्रतिकृतीत, बसवून स्कॅन. १० ला १०, ५ ला ५ च्या आसपास, झकास. मग फँटमला बाहेरून जाड कडं घातलं, म्हणजे पोट सुटलेला माणूस. आता पाण्याच्या कुपीतही मशीनला ०.४ मिलिग्रॅम आयोडीन दिसतंय. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण वाटेतच गळतात, उरलेल्यांत गोंगाट वाढतो, आणि आयोडीनचा हिशेब नेमका त्या मऊ किरणांवरच टेकलेला असतो.

९ ते १. रुग्ण. क्रिएटिनिनचे कागद, मामांचं स्ट्रेचर, टेक्निशियन ताईंचं रोजचं वाक्य: “काका, इंजेक्शन गेलं की अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही, घाबरू नका.”

१२.१५. धिप्पाड देहाच्या एका काकांच्या मूत्रपिंडात गाठ. कॉन्ट्रास्टनंतर सीटीवर घनता ४५ हाउन्सफील्ड, कॉन्ट्रास्टआधीचा स्कॅनच नाही. दाट द्रवाची निरुपद्रवी पुटी, की रक्तपुरवठा असलेला ट्यूमर? मशीनने काढलेल्या आयोडीनच्या नकाशात गाठीचा आकडा ०.६. रंगीत नकाशा बघितला की कुणालाही निकाल द्यावासा वाटतो. निवासी डॉक्टर तर ‘एन्हान्समेंट आहे’, म्हणजे गाठीने कॉन्ट्रास्ट घेतलाय, असं टाइप करायलाच निघाली होती. मी तिला सकाळची पाण्याची कुपी दाखवली. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्टात ‘अनिश्चित’ लिहून एमआरआय सुचवला. माझ्या मते या मशीनचा खरा उपयोग दोन-तीन मिलिग्रॅमच्या वर. त्याखाली त्याचा शब्द एकट्याने प्रमाण मानू नये.

३.००. सकाळच्या आकड्यांचे आलेख, रजिस्टर.

४.३०. निवासी डॉक्टर पुन्हा हजर: आयोडीन आणि एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम एकत्र मोजता येतील का? आयोडीनची के-एज, म्हणजे किरण शोषणं एकदम वाढतं ती ऊर्जा, ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, गॅडोलिनियमची ५० ला. दर फोटॉनची ऊर्जा मोजणाऱ्या नव्या सीटीला हा फरक पकडता येतो. अमेरिकेच्या एफडीएने तसं पहिलं पूर्ण शरीराचं मशीन २०२१ मध्ये मंजूर केलं. आमच्याकडे मोजमापं दोनच, आणि पाणी, आयोडीन, गॅडोलिनियम असे दावेदार तीन. उद्या तिलाच गॅडोलिनियमची एक कुपी भरायला सांगितलीय. आमचं मशीन तिलाही बिनदिक्कत आयोडीनच्या खात्यात जमा करेल.