वेगळ्या चुली, एक अंगण

समाजमाध्यमांवरील आपलें बोलणेंचालणें आज मोजक्या कंपन्यांच्या वाड्यांत चालतें. वाडा मालकाचा, नियमहि त्याचे. बिऱ्हाडकरूनें निमूट राहावें, नाहीं तर जोडलेले सारे स्नेही मागें टाकून चालतें व्हावें. या स्थितीस पर्याय म्हणून विकेंद्रित समाजमाध्यमांची कल्पना पुढें आली. तिचें ठळक उदाहरण म्हणजे जर्मनींतील ऑयगेन रोख्को यांनीं २०१६ सालीं सुरू केलेलें ‘मॅस्टोडॉन’.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस त्याची रचना सहज उमगेल. येथें एक वाडा नसून हजारों लहान घरें आहेत. प्रत्येक घराचा सर्व्हर निराळा, कर्ता निराळा, शिस्त निराळी. तरी एका घरचा मनुष्य दुसऱ्या घरच्या मनुष्याशीं ई-मेलप्रमाणें मोकळेपणानें बोलूं शकतो. या व्यवहाराच्या सामाईक नियमांस ‘ॲक्टिव्हिटीपब’ म्हणतात. वेबचीं मानकें ठरविणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’नें २०१८ च्या जानेवारींत त्यांस मान्यता दिली.

मग या घरांत लोक टिकत कां नाहींत? २०१९ च्या नोव्हेंबरांत भारतांतून, व २०२२ मध्यें ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरांतून, पुष्कळ लोक तिकडे गेले. पण त्यांतले बरेच परतले. पहिली अडचण उंबरठ्यावरच होती. ‘कोणत्या घरांत राहणार?’ या प्रश्नानेंच नवखा गोंधळे. म्हणून २०२३ च्या मे महिन्यांत, नव्या माणसास प्रथम मूळ घरच सुचविण्याची सोय झाली. दार रुंद झालें खरें. परंतु सारेच एका घरांत शिरले, तर पुन्हां वाडाच उभा राहावयाचा!

दुसरी अडचण कर्त्याची. तो बहुधा हौशी. सर्व्हरचा खर्च पदरचा किंवा देणग्यांतला, आणि भांडणेंहि त्यानेंच मिटवावयाचीं. तो थकला कीं घर बंद. वेळींच बिऱ्हाड हलविलें तर अनुयायी बरोबर नेतां येतात, जुनें लेखन मात्र मागेंच राहतें. घर अचानक बंद पडलें तर दोन्ही गेलीं.

तेव्हां सुधारणा नेमकी येथें हवी. नवख्यास त्याच्या भाषेचीं, आवडीचीं चारदोन घरें सुचवावीं. घराचा भार एकट्यावर न टाकतां चौघांत वांटावा, वर्गणीचा हिशेब उघड ठेवावा. खुद्द रोख्को यांनींहि २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रमुखपद सोडून कारभार इतरांच्या हातीं दिला. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, निघणाऱ्यास आपलें लेखन सोबत नेतां आलें पाहिजे. नाहीं तर मालक बदलेल, बिऱ्हाडकरूची लाचारी तशीच राहील.