‘सरळ’ पाय कोणता? : प्रकृती, विकृती आणि गुडघ्याचे सांधेरोपण

‘विकृती’ ही संज्ञा ‘प्रकृती’ या संज्ञेच्या आधारावाचून उभी राहत नाही. मूळ रूप कोणते हे आधी ठरल्याखेरीज त्यात झालेला पालट हा विकार आहे की नाही, हे सांगता येत नाही. भाषेच्या अभ्यासकास ही गोष्ट परिचयाची आहे. परंतु वैद्यकासारख्या प्रत्यक्षनिष्ठ शास्त्रातही संज्ञेच्या गृहीत अर्थावर हाडाचा काप किती अंशांनी घ्यावयाचा हे अवलंबून असू शकते, इकडे सहसा लक्ष जात नाही. ज्यांच्या पायाच्या रेषेत वक्रता आहे अशा रुग्णांच्या गुडघ्याचे सांधेरोपण हे याचे बोलके उदाहरण होय. अशा रुग्णाचा पाय सरळ करावयाचा, असे म्हटले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो तेथेच सुरू होतो. सरळ म्हणजे कोणत्या मानाने सरळ?

१. भाररेषा

उभ्या माणसाच्या पायाचे खुब्यापासून घोट्यापर्यंत क्ष-किरण चित्र घेतले असता मांडीच्या हाडाच्या गोलाकार शिराचा मध्यबिंदू आणि घोट्याच्या सांध्याचा मध्यबिंदू यांना जोडणारी एक रेषा काढता येते. शल्यविशारद योहान मिकुलिच यांच्या नावाने ती ओळखली जाते. येथे तिला भाररेषा म्हणू. ही रेषा गुडघ्याच्या मध्यातून गेली, म्हणजेच खुबा, गुडघा व घोटा यांचा कोन १८० अंश भरला, तर पाय सरळ समजण्याचा प्रघात आहे.

मात्र या सरळ पायातही सारेच सरळ नसते. मांडीच्या हाडाचा दांडा भाररेषेशी साधारणतः ५ ते ७ अंशांचा कोन करतो. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभागही रेषेशी काटकोनात नसून सुमारे ३ अंशांनी आतल्या बाजूस उतरता असतो. चालताना गुडघ्यावरील भारापैकी निम्म्याहून अधिक भार आतल्या कप्प्यावर पडतो. तेव्हा सरळपणा हा हाडांचा गुण नसून तीन बिंदूंमधील संबंध आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

२. दोन लॅटिन संज्ञांचा उलटफेर

वक्रतेचे मुख्य प्रकार दोन. गुडघे बाहेर झुकून दोन पायांमध्ये कमानीसारखी पोकळी पडते, तेव्हा मराठीत पाय फेंगडे आहेत असे म्हणतात. वैद्यकात त्यास ‘व्हॅरस’ ही संज्ञा आहे. याउलट गुडघे आत ढळून एकमेकांस लागतात व घोटे दूर राहतात, त्यास ‘व्हॅल्गस’ म्हणतात. नवल असे की, अभिजात लॅटिनच्या कोशांत हे अर्थ नेमके उलट आढळतात : तेथे ‘व्हॅल्गस’ हा फेंगड्या पायांचा माणूस, तर ‘व्हॅरस’ म्हणजे आत वळलेल्या पायांचा.

या उलटफेरामागील तर्क समजण्याजोगा आहे. फेंगड्या पायात गुडघा बाहेर गेलेला असतो. परंतु गुडघा स्थिर मानून पाहिले तर त्याखालची नडगी शरीराच्या मध्यरेषेकडे वळलेली दिसते. आधुनिक अस्थिशास्त्राने सांध्याखालील भागाची दिशा हेच नामकरणाचे प्रमाण मानले. पाय एकच, संदर्भबिंदू बदलताच त्याचे नाव पालटते. हीच अडचण ‘सरळ’ या शब्दात दडलेली आहे.

३. वक्रतेचा फेरा

फेंगड्या पायात भाररेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूने जाते. त्यामुळे त्या कप्प्यातील कूर्चा अधिक झिजते; कूर्चा झिजली की तो कप्पा बसतो, आणि तो बसला की वक्रता आणखी वाढते. संधिवाताच्या रुग्णांची १८ महिने पाहणी करून अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाय फेंगडे असल्यास आतल्या कप्प्याचा विकार वाढण्याचा संभव सुमारे चौपट आढळला.

यात केवळ हाडच झिजते असे नाही. आतल्या बाजूचा अस्थिबंध कडेला वाढलेल्या अस्थिकंटकांवर ताणला जाऊन आखडतो, तर बाहेरचा सैल पडत जातो. आत ढळलेल्या गुडघ्यात हीच स्थिती उलट बाजूस असते. शिवाय बाहेरच्या बाजूने जाणारा पेरोनियल मज्जातंतू पाय सरळ करताना ताणला जाऊन पाऊल लुळे पडण्याचा धोका तेथे असतो. म्हणून वक्र पायाचे सांधेरोपण हे जितके हाडे कापण्याचे, तितकेच दोन्ही बाजूंच्या बंधांचा तोल साधण्याचे काम आहे.

४. नियमनिष्ठ पद्धती

न्यूयॉर्क येथे १९७० नंतरच्या दशकात जॉन इन्सॉल प्रभृतींनी आधुनिक कृत्रिम गुडघ्यास स्थिर रूप दिले, तेव्हा दोन्ही हाडांचे काप भाररेषेशी काटकोनात घ्यावेत व आखडलेले बंध सोडवून तोल साधावा, असा दंडक रूढ झाला. या यांत्रिक पद्धतीत प्रत्येक पाय १८० अंशांवर आणावयाचा असतो. तिला आधारही होता. इंग्लंडमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ११५ गुडघ्यांच्या पाहणीत, भाररेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून गेली असता सांधा सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के, तर अन्यथा २४ टक्के आढळले.

तीव्र वक्रतेतही या मार्गाने पुष्कळ साधता येते. मुंबईचे शल्यविशारद अरुण मुल्लाजी व त्यांचे सहकारी यांनी २०० नव्हे, पण तितक्याच लक्षणीय अशा १७३ गुडघ्यांचा वृत्तांत २००५ साली मांडला. या प्रत्येक गुडघ्याची फेंगडी वक्रता २० अंशांहून अधिक होती. अशा रुग्णांत अस्थिकंटक काढणे, नडगीच्या वरच्या टोकाचा आतला उंचवटा तासणे, बंध टप्प्याटप्प्याने सोडवणे, आणि झिजलेल्या जागी हाडाचा अथवा धातूचा आधार देणे हे उपाय योजावे लागतात.

५. प्रकृतिसिद्ध वक्रता

या नियमास पहिला धक्का २०१० साली बसला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ३९८ गुडघ्यांच्या अभ्यासात, १८० अंशांच्या दोन्ही बाजूंस ३ अंशांच्या मर्यादेत बसलेले सांधे १५ वर्षांच्या अवधीत मर्यादेबाहेरच्या सांध्यांहून अधिक टिकले, असे दिसले नाही. २०१२ साली बेल्जियममधील योहान बेलेमान्स व सहकारी यांनी त्याहून मूलगामी प्रश्न उपस्थित केला. २० ते २७ वर्षे वयाच्या २५० निरोगी व्यक्तींचे पाय त्यांनी मोजले. पुरुषांपैकी ३२ टक्के व स्त्रियांपैकी १७ टक्के व्यक्तींत ३ अंश वा अधिक फेंगडेपणा उपजत प्रकृतीचाच भाग होता. अशा माणसास उतारवयात १८० अंशांचा पाय देणे म्हणजे त्याला पूर्वी कधीही नसलेला पाय देणे होय. त्यासाठी निरोगी बंधही सोडवावे लागतात. कॅनडातील १,७०३ शस्त्रक्रियांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९ टक्के रुग्ण समाधानी नव्हते. या असमाधानाची कारणे अनेक असली, तरी प्रकृतीचा अनादर हे त्यांपैकी एक असावे, असा तर्क त्यातून पुढे आला.

मग झिजलेल्या गुडघ्यावरून मूळ प्रकृती ओळखावी कशी? ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल मॅकडेसी व सहकारी यांनी २०२१ साली मांडलेल्या वर्गीकरणात याचे साधे गणित आहे. नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा आतला कोन घ्यावा आणि त्यातून मांडीच्या हाडाच्या खालच्या पृष्ठभागाचा बाहेरचा कोन वजा करावा. समजा, पहिला ८६ व दुसरा ८९ अंश भरला. तर मूळचा फेंगडेपणा ३ अंशांचा. उभ्याने घेतलेल्या चित्रात वक्रता १२ अंश दिसत असेल, तर त्यांपैकी ३ अंश प्रकृती व ९ अंश विकृती. हाडच खचले असेल तेथे मात्र हे गणित जपून वापरावे लागते.

या दृष्टीतून निघालेल्या गतिमूलक पद्धतीत झिजलेला भाग हिशेबात धरून सांध्याचा मूळ पृष्ठभागच पुन्हा उभा केला जातो. तिचे फलित अद्याप निर्विवाद नाही : काही चाचण्यांत रुग्णांना अधिक लाभ दिसला, तर न्यूझीलंडमधील २०१७ च्या चाचणीत दोन वर्षांनंतर दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. म्हणून काही शल्यविशारद मध्यम मार्ग स्वीकारतात. प्रकृती जपावी, पण पायाचा एकूण कोन १८० अंशांपासून ३ अंशांपलीकडे जाऊ देऊ नये.

६. सांध्याबाहेरील वक्रता

वेडावाकडा जुळलेला अस्थिभंग किंवा बालपणीचा मुडदूस यांमुळे वक्रता सांध्यापासून दूरही असू शकते. येथे अंतरास महत्त्व आहे. मांडीच्या हाडाच्या मध्यावर २० अंशांचा बाक असेल, तर गुडघ्यापाशी त्याचा परिणाम सुमारे १० अंशांचा होतो. तोच बाक गुडघ्यालगत असेल तर जवळजवळ पूर्ण २० अंशांचा. अल्प परिणाम सांध्यातील काप तिरका घेऊन भरून काढता येतो. परंतु काप अस्थिबंधांच्या मुळांवर येऊ लागला की बाकाच्या जागीच हाड कापून नीट करणे श्रेयस्कर ठरते. आणखी एक मर्यादा अशी : मांडीच्या हाडाच्या टोकाचा तिरका काप पाय सरळ असतानाच उपयोगी पडतो, गुडघा वाकल्यावर नव्हे, नडगीचा काप मात्र दोन्ही स्थितींत परिणाम करतो. म्हणून उभ्या स्थितीतील तोल साधताना बसताउठतानाचा तोल बिघडू शकतो.

सारांश, वक्र पायाच्या सांधेरोपणात ‘किती सुधारावे’ या प्रश्नाआधी ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न येतो. सर्वांसाठी एकच माप मानणारी पद्धती सांध्याच्या टिकाऊपणाची काळजी वाहते. व्यक्तीचे मूळ रूप शोधणारी पद्धती त्या पायाच्या ओळखीची. अपघाताने वाकलेले हाड, झिजून बसलेला कप्पा आणि जन्मजात ठेवण या तिन्हींना एकाच ‘विकृती’ या नावाखाली लोटल्यास तिन्हींवर एकच उपाय करण्याचा मोह होतो. त्यांतील पहिली दोन दुरुस्त करावयाची, तिसरी ओळखावयाची असते. हा विवेक शस्त्र हाती घेण्यापूर्वी, मोजणीच्या व नामकरणाच्या वेळीच व्हावयास हवा.