पणजोबांचा शोध : जनगणना, वृत्तपत्र आणि चोपडी

खापरसारख्या पेठेतील आपल्या अनेक घराण्यांत पूर्वज मारवाडातून आले एवढेच ठाऊक असते. कधी व कोणाबरोबर, हे सांगणारे वडीलधारे आता उरले नाहीत.

अशा वेळी जनगणना आठवते. इंग्लंडमध्ये १९२१ ची कुटुंबवार पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी पाहता येत नाहीत. हाती उरतो तो केवळ आकडा : देशात १९०१ मध्ये जैन सुमारे १३.३४ लाख, १९११ मध्ये १२.४८ लाख. स्वतःस हिंदू लिहविणारे जैनही पुष्कळ होते. आपले पणजोबा कोणत्या रकान्यात गेले असतील?

जुन्या वृत्तपत्रांतील अग्रलेख सोडून न्यायालयीन नोटिशी व भागीदारी मोडल्याची निवेदने वाचावीत. जिल्ह्याचे नाव मात्र बदलत जाते : १९०६ पर्यंत खानदेश, मग पश्चिम खानदेश, पुढे धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार.

खरा दाखला दुकानाच्या माळ्यावरच असतो. गौतमस्वामींचे स्मरण करून दिवाळीला उघडलेल्या चोपडीत संवत व पेढीचे नाव सापडते. संवत १९६७ मधून ५६ वजा केले की १९११ येते. दिवाळी ते डिसेंबरच्या नोंदींस ५७ वजा करावेत. प्रथम घरखर्चाचे खाते उघडावे. मायरा, यात्रा, औषधपाणी यांत माणूस दिसतो, नफातोट्यात तो क्वचितच (हे बँकेत आयुष्य घालविलेला मनुष्य सांगतो आहे!). महाजनी लिपी वाचणारे मुनीम आता थोडेच आहेत. ते आहेत तोवर चोपड्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्यास बोलाविण्यापूर्वी पहिल्या पानांची छायाचित्रे काढून घ्यावीत.