साठीनंतरचा मधुमेह : पोट उतरावे, बळ नव्हे

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला, की पुष्कळ घरांत पहिली आज्ञा सुटते ती भाताविरुद्ध. आजपासून बाबांचा भात बंद, आईचा चहा बंद, रात्री फक्त वाटीभर सूप. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु सत्तरी गाठलेल्या व्यक्तीने ही आज्ञा तंतोतंत पाळली, तर साखरेबरोबर अंगातले बळही उतरते. आणि कधी कधी साखर नको तितकी खाली जाते.

प्रथम स्थूलतेविषयी. हातपाय किडकिडीत आणि पोट मात्र सुटलेले, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. शिवणकामाची टेप घ्यावी आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे माप गेल्यास, वजन 'ठीक' असले तरी पोटातील चरबी जास्त आहे असे समजावे.

वजन मात्र उपासमारीने घटवू नये. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेतात ते स्नायू. वयानुसार ते झिजतच असतात. त्यात आहार एकदम तोडला, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा खाली आला म्हणून घरचे आनंदतात आणि इकडे आजोबांना पाटावरून उठताना आधार लागू लागतो.

यासाठी ताटातील प्रमाण बदलावे. प्रकृती बरी असलेल्या ज्येष्ठांना दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, घट्ट वरणाच्या वाटीत जवळपास तितकीच; पाण्यासारख्या आमटीत फारच थोडी. दात नसतील तर मऊ शिजवलेली मुगाची उसळ, पिठले, दही चालेल. आधी कोशिंबीर व उसळ, मग भाकरी आणि शेवटी थोडा भात, असा क्रम ठेवल्यास साखर सावकाश चढते. ज्वारीची भाकरी उत्तम. पण तीही पिठाचीच असते, तेव्हा चार भाकऱ्यांना ती परवाना नव्हे! चहा सोडण्याची गरज नाही. मात्र दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, आणि सोबतची बिस्किटे निराळी.

शतपावली ही आपली जुनी रीत फार गुणाची आहे. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. जोडीला, भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता पाच वेळा उठावे-बसावे. हळूहळू दहापर्यंत न्यावे. जवळ कोणी असावे.

या वयात हे सारे करून काय साधणार, असे वाटत असेल तर अमेरिकेतील २००२ चा एक मोठा अभ्यास ध्यानात घ्यावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. साठीपुढच्या गटात तर ७१ टक्क्यांनी.

आता काळजीवाहकांनी विशेष लक्ष द्यावे. गोळीची मात्रा जुन्या आहारावर ठरलेली असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण निम्मे केले व चालणे वाढवले, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. वृद्धांत घाम, थरथर ही लक्षणे दिसतीलच असे नाही. असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे एवढेच दिसते आणि 'वय झाले' म्हणून आपण सोडून देतो. अशा वेळी ग्लुकोमीटर लावावा. तो नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग काही खायला द्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे चालू असल्यास साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. ग्लुकोज पावडरच हवी, ती घरात असू द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

म्हणून आहार बदलण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, सर्वांचीच ७ च्या आत असावी असा हट्टही नको. अनेक आजार असलेल्या किंवा स्मृती मंदावलेल्या व्यक्तीसाठी ८ च्या आतले लक्ष्यही योग्य मानले जाते. आणि एकादशी जवळ आली असेल, तर त्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे हे दोन दिवस आधी विचारून ठेवावे. निर्जळी उपवास टाळावा. साबुदाण्याच्या बशीभर खिचडीने साखर झपाट्याने चढते, आणि पुढे दिवसभर काहीच खाल्ले नाही तर त्याच गोळीने ती संध्याकाळी कोसळू शकते.