टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे आहेत? बॉक्स घेण्याआधी हे तपासा

इचलकरंजीत यंत्रमागाची पाळी टीव्हीचे वेळापत्रक पाहून लागत नाही. रात्रपाळीला गेलेल्याची मालिका बुडते, संध्याकाळी दुकानात बसणाऱ्याच्या बातम्या राहून जातात. मग घरात रेकॉर्डिंगचे काहीतरी घ्यावे असा विचार येतो. पण चुकीची वस्तू घेतली तर पैसे जातात आणि कार्यक्रमही मिळत नाही.

पूर्वीसारखे सोपे का राहिले नाही?

पूर्वी केबलची वायर व्हीसीआरला जोडली की कार्यक्रम कॅसेटवर उतरवता येत असे. २०१२ ते २०१७ या काळात देशातली केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. आता पैसे देऊन घेतलेल्या वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि ते कुलूप सेट-टॉप बॉक्समध्येच उघडते. त्यामुळे रेकॉर्डिंगही बॉक्समध्येच व्हावे लागते.

स्मार्ट टीव्हीला यूएसबी आहे, तेवढे चालेल का?

बहुतेकदा नाही. काही टीव्हींमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, पण ती टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवरून येणाऱ्या वाहिन्यांपुरती. एचडीएमआय वायरने बॉक्समधून येणारे चित्र टीव्ही रेकॉर्ड करत नाही. मध्ये वेगळे रेकॉर्डिंग यंत्र लावले, तरी कॉपीरोधक संरक्षणामुळे अनेकदा पडदा काळाच दिसतो.

बॉक्स घेताना काय विचारावे?

१. ट्यूनर किती? एकच असेल तर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहता येईलच असे नाही. घरात दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर दोन ट्यूनरचा बॉक्स बघा.

२. वेळ लावून ठेवता येते का? आपण कामावर असताना रेकॉर्डिंग आपोआप सुरू झाले पाहिजे. त्या वेळी बॉक्सचे बटण चालू हवे. वीज गेली तर रेकॉर्डिंग तुटते, म्हणून इन्व्हर्टर असल्यास बॉक्स त्यावर घ्या.

३. रेकॉर्डिंग दुसरीकडे चालते का? सशुल्क वाहिन्यांचे रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बिघडला किंवा कंपनी बदलली, तर पेनड्राइव्हमधले कार्यक्रम जवळ असूनही उघडत नाहीत. जपून ठेवायचा कार्यक्रम असेल तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. तिच्यावरच्या खुल्या वाहिन्यांसाठी यूएसबी रेकॉर्डिंगचे साधे बॉक्स मिळतात. त्यावर केलेली सह्याद्री वाहिनीची फाइल बऱ्याचदा संगणकावरही चालते.

जागा किती लागते?

साध्या दर्जाच्या एका तासाला साधारण १ ते दीड जीबी, एचडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर साध्या दर्जाचे वीसेक तास मावतात.

बॉक्स खरेच लागेल का?

फक्त मालिकेसाठी बहुधा नाही. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर नंतर पाहता येतात. त्यांची वर्गणी आणि नेटचा खर्च बॉक्सच्या किमतीशी ताडून पाहा. पण स्थानिक केबलवर दाखवलेली गावातली विसर्जन मिरवणूक पुन्हा कुठे मिळेल याची खात्री नसते. तिच्यासाठी रेकॉर्डिंगच हवे.

घरी पाहण्यासाठी रेकॉर्डिंग करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार मुभा आहे. ते विकणे किंवा यूट्यूबवर टाकणे मात्र त्यात बसत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. पाच मिनिटे रेकॉर्ड करायला लावा आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या बॉक्सला लावून पाहा.