घराच्या वयाला सूट, घरमालकाच्या वयाला नाही

बुलडाणा (प्रतिनिधी) - एसटीत ६५ वर्षांनंतर अर्धे तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास, प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ६० व ८० वर्षांवरील करदात्यांसाठी वेगळी मर्यादा. त्यामुळे घरपट्टीतही ज्येष्ठांना सवलत असेलच, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तशी सवलत नाही.

जिल्ह्यात महानगरपालिका नाही. बुलडाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखलीसह ११ नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या नगरपंचायतींत मालमत्ता कराची आकारणी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार होते. सार्वजनिक उपासना व धर्मादाय कार्यासाठीच्या वास्तूंना त्यात करमाफी आहे. मालकाच्या वयावर आधारलेली स्वतंत्र सूट मात्र नाही. ग्रामपंचायतींची तऱ्हा आणखी वेगळी. २०१५ च्या सुधारित नियमांनुसार तेथे घराच्या भांडवली मूल्यावर कर बसतो आणि इमारत जितकी जुनी तितका घसारा जास्त धरला जातो. म्हणजे भिंती म्हाताऱ्या झाल्या तर कर कमी होतो, त्या भिंतींच्या आत राहणारा म्हातारा झाला तर नाही!

खरा फटका थकबाकीचा आहे. नगरपरिषद क्षेत्रात थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. चार हजार रुपये थकले तर महिन्याला ८० आणि वर्षाला ९६० रुपये वाढतात. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये हाच ज्याचा आधार, त्याच्यासाठी ही रक्कम किरकोळ नाही. घर स्वतःचे असले तरी त्यातून उत्पन्न येत नाही. कर मात्र रोखीनेच भरावा लागतो. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी शास्तीमाफीच्या अभय योजनेला मंजुरी दिली. पण ती सवलत शास्तीपुरती, मूळ करासाठी नव्हे, आणि तिचाही वयाशी संबंध नाही. ग्रामपंचायत हद्दीत आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरल्यास ५ टक्के सूट मिळते. तिथे वय विचारले जात नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

वृद्धांच्या हाती लागू शकणारी ठोस माफी एकच, तीही सर्वांसाठी नाही. २०२० च्या शासन निर्णयांनुसार माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नींना एका मालमत्तेवरील करातून माफी आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. घर दिवंगत पतीच्याच नावावर राहिले असेल, तर कर आकारणी नोंदवहीत आधी नाव लावून घेतलेले बरे.

इतरांसाठी उरते ती हरकत. नगरपरिषदा दर चार वर्षांनी फेरआकारणी करतात व यादी प्रसिद्ध करून हरकती मागवतात. घराचे मोजमाप, बांधकामाचा प्रकार किंवा वापर चुकीचा नोंदला असेल, स्वतः राहत असलेली खोली भाड्याची दाखवली असेल, तर मुदतीत लेखी हरकत देऊन सुनावणी मागता येते. मुदत टळली की चुकीचा आकडा पुढच्या फेरीपर्यंत मानगुटीवर बसू शकतो.

अन्यत्र चित्र निराळे आहे. दिल्ली महापालिका ज्येष्ठ नागरिकाच्या मालकीच्या, स्वतः राहत्या एका घरावर २०० चौरस मीटरपर्यंत ३० टक्के सूट देते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मालक ६५ वर्षांचा झाला की राहत्या घरावरील शालेय कराची रक्कम सर्वसाधारणपणे त्याच पातळीवर गोठते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ५५ वर्षांवरील मालकाला कर पुढे ढकलता येतो. घर विकले किंवा हस्तांतरित झाले की तो व्याजासह चुकता होतो.

आपल्याकडे अशी सूट द्यायची झाली तरी तिजोरीचा प्रश्न येतो. शिवाय बिलातील शिक्षण कर हा राज्याचा. नगरपरिषद तो केवळ वसूल करते. मुंबईतही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, संपूर्ण माफीला २०२२ उजाडले.