डिटेक्टिव्ह उशिरा येतो!

दिवाळी अंक घरी आला की प्रत्येक जण आपापले पान शोधतो. कुणाला राशिभविष्य हवे असते, कुणाला व्यंगचित्रे, कुणाला प्रवासवर्णन. रहस्यकथेचे पान मात्र सगळेच शोधतात. कुणी उघडपणे, तर कुणी आधी वैचारिक लेख चाळल्याचे नाटक करून! मराठी शिकवणारी आम्ही मंडळी बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकांच्या आड दडून वर्गात शिरले. ज्या मास्तरांनी ती पुस्तके जप्त केली, त्यांतल्या कितीकांनी ती रात्री स्वतःच वाचून संपवली असतील, याचा हिशेब कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडायचा नाही.

रहस्यकथेत मरायचे कुणी, याचेही संकेत ठरलेले आहेत. बहुधा एखादा धनिक काका मरतो. त्याच्यासाठी वाचक डोळ्यांतून टिपूस काढत नाही. कारण काका मरतो तो मृत्युपत्र मागे ठेवून, आणि त्या मृत्युपत्रावर टपून बसलेले पाच-सहा पुतणे लगेच आपले मनोरंजन करू लागतात. पण मरणारा विद्यार्थी असला की कथेचा रंग पालटतो. विद्यार्थ्याजवळ मालमत्ता ती काय? एक ट्रंक, चार पुस्तके आणि खाणावळीची थकलेली बाकी. त्याला मारून कुणाचे काय साधणार? हेतू दिसत नाही, म्हणून उत्तर मात्र चटकन तयार होते. अभ्यास झेपला नसेल. प्रेमभंग झाला असेल. संगत वाईट असेल. हे तयार उत्तर घ्यायला जो नकार देतो, तोच अशा कथांतला डिटेक्टिव्ह.

अगाथा ख्रिस्तीबाईंची ‘हिकरी डिकरी डॉक’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. लंडनमधल्या एका वसतिगृहात बारीकसारीक चोऱ्या होऊ लागतात. एका जोडीतला एकच बूट जातो, विजेचे दिवे जातात, स्टेथॉस्कोप जातो. कुणाची तरी पाठपिशवी फाडलेली सापडते. आपल्याकडचा रेक्टर असता तर त्याने सूचनाफलकावर दोन ओळी डकवून हात झटकले असते. पण हर्क्यूल पायरो ती यादी पुढ्यात घेतो आणि गंभीर होतो. एवढी विसंगत यादी निरर्थक असणार नाही, असे त्याला वाटते. पुढे त्याच वसतिगृहात एका तरुण मुलीचा मृत्यू होतो आणि तिने स्वतःच जीव दिला असावा, असे वरवर दिसते. पायरोचे मोठेपण त्याच्या मेंदूत आहे खरे. पण ज्या गोष्टींना इतरांनी क्षुल्लक म्हटले त्या त्याने क्षुल्लक मानल्या नाहीत, यात ते अधिक आहे.

याहून अस्वस्थ करणारी कादंबरी पी. डी. जेम्स यांची. ‘ॲन अनसूटेबल जॉब फॉर अ वूमन’ या नावाची ही कादंबरी १९७२ सालची. तिची नायिका कॉर्डेलिया ग्रे अवघी बावीस वर्षांची. भागीदाराच्या मृत्यूने खाजगी डिटेक्टिव्हची एक बुडीत कचेरी तिच्या पदरात पडते. केंब्रिजचे शिक्षण अर्ध्यावर सोडून माळीकाम करणाऱ्या एका तरुणाचा मृत्यू झालेला असतो. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झालेला असतो, टाइप केलेला एक कागदही सापडलेला असतो. मुलाने असे का केले, हे शोधून काढण्याचे काम त्याचे शास्त्रज्ञ वडील कॉर्डेलियाकडे सोपवतात.

ही मुलगी काय करते? ती त्या तरुणाच्या झोपडीवजा घरात जाऊन राहते. बागेतली एक ओळ खणता खणता अर्धवट राहिली आहे, हे तिला दिसते. इतका नेटका मुलगा काम मध्येच टाकून का उठला? रांधलेले अन्न तसेच का राहिले? तो काय वाचत होता, कुणाशी बोलत होता? शेवट मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडण्याला दंडविधानात कलम नसले तरी सज्जनांच्या कायद्यात ते आहे. पण एक गोष्ट सांगायला हरकत नाही. कादंबरी मिटताना त्या मेलेल्या मुलाला आपण त्याच्या आप्तांपेक्षा अधिक ओळखू लागतो, आणि मनात येते, एवढ्या आस्थेने त्याच्याकडे तो हयात असताना कुणी पाहिले होते का?

या सगळ्या विलायतेच्या गोष्टी झाल्या, असे कुणी म्हणेल. तर मग पुण्यात येऊ. जोशी-अभ्यंकर खून खटला आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत दहा खून झाले आणि संध्याकाळी सात वाजताच पुण्यातली दारे बंद होऊ लागली. खुनी निघाले अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. मात्र त्यांचा पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला एक सोबती होता, हे पुष्कळांना आठवत नाही. १५ जानेवारी १९७६ रोजी त्यांनी त्याला बहाण्याने नेले आणि ‘मी घर सोडून जात आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी वडिलांच्या नावे त्याच्याकडून लिहवून घेतली. त्याच रात्री त्याचा जीव घेतला. खंडणीची मागणी वडिलांकडे पोचली ती त्यानंतर. प्रेत लोखंडी पिंपात घालून सारसबागेच्या तळ्यात बुडवले होते. सारा प्रकार उजेडात आला तो पुढच्या वर्षी, आणखी नऊ माणसे मेल्यावर.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या चिठ्ठीचा विचार सोडवत नाही. अक्षर मुलाचेच होते. अक्षर जुळले की पत्र खरे, असे आपण धरून चालतो. पण अक्षर त्याचे आणि वाक्य दुसऱ्याचे, असे होऊ शकते. आपला मुलगा वडिलांना काय म्हणून हाक मारतो, रागावला की कसे लिहितो, कोणता शब्द त्याच्या तोंडी कधीच येत नाही, हे हस्ताक्षरतज्ज्ञाला कसे कळणार? ते घरच्यांनाच कळायचे, तेही मुलाचे बोलणे आधी नीट कानावर घेतले असेल तरच.

कादंबरीत डिटेक्टिव्ह दार ठोठावतो आणि साक्षीदार त्याला चहा देऊन सारे सांगून टाकतात. आपल्याकडे खाजगी डिटेक्टिव्हला अटकेचा, झडतीचा किंवा कायदेशीर जबाब नोंदवण्याचा अधिकार नाही. संशयास्पद मृत्यू घडला की पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १७४व्या कलमाखाली चाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४व्या कलमाखाली चालते. मृत्यू कशाने झाला, एवढेच या चौकशीने पाहायचे असते. तो कुणामुळे झाला, हा पुढचा प्रश्न. अनेक प्रकरणे या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत पडून राहतात.

ती फट बुजवायला अखेर आईबापच उभे राहतात. दिल्लीच्या आयआयटीतले दोन विद्यार्थी २०२३ साली मरण पावले. पोलिसांनी चौकशी आटोपली, उच्च न्यायालयाने पालकांचे म्हणणे मान्य केले नाही. तरी पालक थांबले नाहीत. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून तपास करण्याचा आदेश दिला आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैत, विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचा तपास त्याच न्यायालयाने सीबीआयकडे दिला. तोही तिच्या वडिलांच्या चिकाटीमुळे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असेही त्या निकालात सांगितले आहे. एकट्या २०२२ साली देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर आहे. हे वाचल्यावर त्या निकालाचे मोल कळते.

मात्र प्रत्येक मृत्यूमागे दुष्ट माणूस दडलेला असतोच, असे नाही. आमच्या मालवणजवळ वायरीचा किनारा आहे. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण तेथे बुडून मरण पावले. येथे खुनी नव्हता, कारस्थान नव्हते. समुद्र होता, आणि समुद्राची भाषा न वाचता येणे होते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कधी कधी एका अरुंद वाटेने जोराने परत आत ओढ घेते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत. पाणी शांत दिसते, आणि परका माणूस नेमका तेथेच उतरतो. धोक्याची खूण ही असली की तिच्याकडे पाहून सुरक्षित वाटावे! रापण ओढणाऱ्याला ती पाण्याच्या रंगावरून कळते, कारण तो रोज समुद्राकडे पाहतो.

मुलांचेही असेच असते. जिथे खळखळाट थांबला ती जागा आपल्याला शांत वाटते. ‘आता काही कटकट करीत नाही हो, अगदी समजूतदार झालाय,’ असे एखादी आई कौतुकाने सांगते, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरचा जाणता माणूस तरी थोडा थबकावा.

कोकणाला हे नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसे मुंबईला गेली आणि पत्रांवर घरे चालली. ‘आम्ही सर्व खुशाल’ या तीन शब्दांत चाकरमान्याने काय काय दडवले, हे त्याच्या आईला मनिऑर्डरीच्या रकमेवरून कळायचे. आता मुले शिकायला कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठतात, आणि पत्राची जागा फोनने घेतली आहे. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे.’ अक्षर जुळले, आवाज जुळला. आपण निश्चिंत होऊन फोन ठेवतो.

मग काय, मुलांमागे हेर लावायचे? रजनी पंडित हे नाव महाराष्ट्राला खाजगी डिटेक्टिव्ह म्हणून परिचित आहे. त्यांच्या कामाची सुरुवात कॉलेजातच झाली. एका वर्गमैत्रिणीचे पाऊल वाकडे पडते आहे, अशी त्यांना काळजी वाटली. त्यांनी नीट माहिती काढली आणि ती मुलीच्या घरी सांगितली. कादंबरीतल्या डिटेक्टिव्हला जे साधत नाही ते येथे साधले. अनर्थ होण्याआधी कुणीतरी पोचले. पण त्या वेळी त्या काही कचेरी थाटून बसलेल्या डिटेक्टिव्ह नव्हत्या. त्या शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थिनी होत्या.

पाळत आणि लक्ष यांत फरक आहे. ज्याच्यावर पाळत असते तो लपायला शिकतो. ज्याच्याकडे लक्ष असते तो बोलायला शिकतो. मुलाचा फोन चोरून तपासणारा बाप पोलीस होईल, डिटेक्टिव्ह व्हायचा नाही. आणि आम्हा शिक्षकांनाही सुटका नाही. हजेरीपटावर एखाद्या नावापुढे ओळीने गैरहजेरीचे शून्य पडत जाते, तेव्हा आम्ही त्याचा उपयोग सत्र नाकारण्यासाठी करतो. पायरो असता तर त्याने ते शून्य पुढ्यात घेऊन विचारले असते, की हा मुलगा सोमवारीच का येत नाही? यादी आमच्याजवळही आहे; ती वाचायची कुणी, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा या दिवाळीत पोर सुटीवर घरी येईल, त्याच्यापुढे करंज्या आणि कडबोळी ठेवा आणि गुणांची चौकशी चार दिवस लांबणीवर टाका. खोलीतला सोबती कोण, तो झोपेत बडबडतो का, खिडकीतून काय दिसते, खाणावळीत शेजारी कोण बसते, ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही; उत्तरासाठी थांबण्याची तयारी ठेवा. बोलणे जड झाल्यासारखे वाटले तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि मराठीतूनही बोलता येते, तो कागदावर लिहून फोनजवळ ठेवण्यात कमीपणा नाही.

आणि फराळानंतर पोर हा अंक उचलून नेमके रहस्यकथेचे पान काढून कोपऱ्यात जाऊन बसले, तर त्याच्या हातून तो काढून घेऊ नका. वाचून झाल्यावर विचारा, ‘तुला संशय कुणाचा आला होता?’ आणि तो सांगू लागला की मध्ये बोलू नका.